हिरवं कार्ड

कोल्हार, १४ जुलै २०२५

राजे,

फोन लावला की लागत नाही, व्हॉट्सॲपवर एकच टिक येऊन थांबते. म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस. एवढं मलाही कळतं, मावशी दहावी पास आहे तुझी. म्हणून पोस्टात जाऊन रजिस्टरचं पाकीट घेतलं. तिथला माणूस म्हणाला, "मनकर्णाबाई, केडगावला पत्र? एस्टीत बसा आन बोलून या की." त्याला काय सांगू, की भाचीनं दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मला तोंड दाखवू नको म्हणून बजावलंय?

तुझं वाक्य मी विसरले नाही. "तुझ्या शिबिरानं माझी आई खाल्ली, मावशे." त्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता. तुझे आण्णा म्हणाले, राजीचं सगळं नीट करतो. तू म्हणालीस, आण्णांना सांभाळते. एकेक जण काही ना काही कबूल करत होता आणि कावळा आपला बाभळीवर बसलेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. मी मागे उभी होते.

असो. मी भांडायला लिहीत नाही, पण कानिफरावांनी जे केलं ते बरोबर नाही. जावई आहेत म्हणून मी तोंडावर बोलले नाही. भागिरथीचं हिरवं कार्ड मोबाईलवर फिरवलं, खाली लिहिलं, 'नोव्हेंबर २०२२ ला काही दोष नाही म्हणाले, अडीच वर्षांत आमच्या सासूबाई गेल्या, असल्या फुकटच्या शिबिरांपासून सावध राहा.' त्यांना नीट समजावून सांग. नगरच्या कॅन्सर संस्थेच्या डॉक्टरीणबाई येतात, शाळेच्या खोलीत पडदा लावून एकेका बाईची छाती आणि तोंड तपासतात, एक पैसा घेत नाहीत. काही नसलं तर हिरवं कार्ड, शंका वाटली तर गुलाबी. गुलाबीवालीला संस्थेची गाडी नगरला नेते, तिथून पुढचं सगळं संस्था बघते. मी आपली गावातली सखी. म्हणजे घरोघरी जाऊन बायांना गोळा करायचं, टेबलावर बसून नावं लिहायची. या कामात फसवणूक कसली आली?

आण्णा बरे आहेत. दोन्ही वेळचा डबा माझ्याकडून जातो. कारल्याची भाजी दिली की डबा अर्धा परत येतो, लहान मुलासारखं. तुझ्या बाळाला दात आले का?

तुझी,
मनकर्णा मावशी


कोल्हार, २२ ऑगस्ट

राजे,

पहिलं पत्र तू सही करून घेतलंस. पोस्टातल्या माणसानं मोबाईलवर बघून सांगितलं. वाचलंस की चुलीत घातलंस ते मोबाईलवर दिसत नाही म्हणे.

परवा शेजारच्या गावात शिबिर झालं. गेल्या साली तिथं सत्तर बाया आल्या होत्या, रांग थेट मारुतीच्या पारापर्यंत. परवा अकरा आल्या. त्यातल्या चार तर बीपी मोजायला. मी दारोदार हिंडले. एक म्हातारी दारातच म्हणाली, "तुझ्या सख्ख्या भनीला हिरवं दिलं आन ती गेली. आमी कशाला येऊ मरायला?" मी मान खाली घालून पुढच्या घरी गेले. डॉक्टरीणबाई दुपारभर रिकाम्या बसून होत्या. मला म्हणाल्या, "मनकर्णाताई, मी ती नोंद दहा वेळा वाचली. माझ्या हाताला गाठ कशी लागली नाही तेच कळत नाही मला." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले आणि चहावाल्याकडे उगीच अर्धा तास बसून राहिले.

तुला गुरुवारची बैठक आठवते का? नगरला संस्थेच्या हॉलमध्ये पेशंट बाया गोल करून बसायच्या, ती? तू बाळाला घेऊन दोनदा आली होतीस. एका बाईनं केसांचा टोप आणला होता आणि सगळ्याजणी आळीपाळीनं घालून बघत होत्या. तुझ्या आईनं घातला. मानेपर्यंत कापलेले केस. म्हणाली, "अक्का, मास्तरीन दिसते का गं मी?" सगळ्या बाया पोट धरून हसल्या. ती मेली तरी मला तिचा तोच चेहरा आठवतो, टोप तिरका झालेला.

त्याच बैठकीत एकीनं तिला विचारलं, तुमच्या गावात शिबिर होतं ना, तुम्ही दाखवलं नव्हतं? भागिरथी म्हणाली, "गेल्ते की. तवा काय न्हाई दिसलं." तू मागच्या खुर्चीवर होतीस. तू तेवढं ऐकलंस आणि तेच धरून बसलीस. ते बोलताना तिनं माझा हात घट्ट दाबला होता, ते तुला मागून दिसलं नसणार.

जाऊ दे. बाळाला बाहेरचं दूध लगेच सुरू करू नकोस.

मावशी


कोल्हार, ३० सप्टेंबर

राजे,

काल रंगुबाईंचा फोन आला. तुझी सासू मला फोन करते म्हणजे पाणी किती डोक्यावरून गेलं असेल बघ. आवाज दबका होता, बहुतेक तू घरात होतीस. म्हणाल्या, "विहीनबाई, पोरीच्या छातीत गाठ हाय. दोन महिनं झालं. दुधाची हाय म्हनती आन हात लावू देत न्हाई. दवाखान्याचं नाव काढलं की म्हनती, माज्या आईला हिरवं देऊन मारलं, मला आता काय द्यायचं ऱ्हायलंय?"

राजे, हे वाचून झालं की लगेच उठ आणि दाखवून ये. दुधाची असेलही. अंगावर पाजणाऱ्या बाईला होतात तशा गाठी, शेक दिला की चार दिवसांत जातात. पण दोन महिने राहत नाहीत. तू चोवीस वर्षांची आहेस, तुझ्या आईचं रक्त आहेस. आमच्या शिबिरात नको येऊस. आमच्या डॉक्टरीणबाईंचं तोंडसुद्धा बघू नकोस. नगरमध्ये दुसरे डॉक्टर काय थोडे आहेत? कुणालाही दाखव, पण दाखव.

आणि त्या हिरव्या कार्डाचं म्हणशील, तर माणूस आहे, चुकतं. त्या दिवशी शंभर बाया होत्या, उकाडा होता, डॉक्टरीणबाई सकाळपासून उभ्या होत्या. नव्वदाव्या बाईपर्यंत हात दमत असतील. एका डॉक्टरचा हात चुकला म्हणून सगळ्यांचे चुकत नाहीत.

आज अष्टमी. देवीला तुझ्या नावानं ओटी भरली. पत्र मिळाल्यावर रंगुबाईंच्या फोनवरून नुसता एक मिसकॉल दे, मी समजून घेईन.

मावशी


कोल्हार, ११ नोव्हेंबर

राजे,

मिसकॉल आला नाही. दिवाळी गेली, भाऊबीज गेली. रंगुबाईंना मी चारदा विचारलं. तू गेली नाहीस. गाठ आहे तिथंच आहे, थोडी मोठी झालीये म्हणाल्या.

मागच्या पत्रात मी एक नीच गोष्ट लिहिली. डॉक्टरीणबाईंचा हात दमला असेल, असं. त्यांचा हात दमला नव्हता. तुझ्या आईचा नंबर नववा होता आणि नोव्हेंबरात कसला आलाय उकाडा. मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा राहील.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी भागिरथीच्या पाठीला उटणं लावत होते. तिनं माझा हात धरला आणि पुढे नेला. डाव्या बाजूला, काखेच्या जवळ. हरभऱ्याएवढी गाठ होती. "अक्का, हे काय असंल?" मी म्हणाले, पुढच्या महिन्यात शिबिर आहेच, बाईंना दाखवू. एवढंच करायचं होतं. एवढंच!

मग केडगावचं स्थळ आलं, तुझं. शिबिर मंगळवारी आणि रंगुबाई घर बघायला येणार गुरुवारी. मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं, की रंगुबाईंची नणंद याच आजारानं गेली, वर्षभर त्यांनी तिचं केलं, आता आजारपणाचं घर त्यांना नको. आणि गुलाबी कार्ड काय असतं ते तुला माहीत आहे. बाई शाळेतून घरी पोचायच्या आधी सगळ्या आळीला कळतं, कुणाला गुलाबी मिळालं. भागिरथी म्हणाली, "मी येतच न्हाई शिबिराला." पण तेही चाललं नसतं. सखीची सख्खी बहीणच आली नाही, म्हणजे काहीतरी आहे, असं लोक बोललेच असते. शिवाय, लपवत नाही आता, माझी शंभर नावांची यादी होती. एकही जागा मोकळी न ठेवता ती भरायची, असं मी संस्थेला मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते.

तेव्हा मीच तोडगा काढला. भागिरथी घरात भिंतींना चुना देत राहिली आणि नववा नंबर पुकारल्यावर पडद्याआड मी गेले. रांगेतल्या बायांना वाटलं, सखी कामाला आत गेली, आणि भागिरथीचं कुणी विचारलं की मी सांगायचे, मघाशीच दाखवून गेली.

डॉक्टरीणबाई तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या, शंभर चेहऱ्यांत त्यांना कोण भागिरथी आणि कोण मनकर्णा? नाव विचारलं, मी तुझ्या आईचं सांगितलं. वय विचारलं, सहा वर्षं कमी करून सांगितलं. बाईंचे हात थंड होते. दोन्हीकडे नीट दाबून बघितलं, काखेत बघितलं आणि हसून म्हणाल्या, "काही नाही हो, छान आहे सगळं." राजे, मला बरं वाटलं. बहिणीच्या नावावर झोपले होते आणि मला माझ्यापुरतं बरं वाटलं. बाकी सगळ्यापेक्षा याची लाज मला जास्त वाटते.

तर ते कार्ड खोटं नाही. त्याच्यावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ते माझं कार्ड आहे.

माझ्या स्वतःच्या नावापुढं मीच 'तपासणी झाली' लिहून टाकलं. शंभरच्या शंभर भरले. संस्थेनं मला शाल आणि नारळ दिला. तो फोटो तू फ्रेम करून आणला होतास.

हिरवं कार्ड मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं, रंगुबाईंना बसल्या जागेवरून दिसेल असं. त्यांनी ते हातात घेऊन वाचलं. "शिबिराला गेल्ता व्हय? बरं केलं." भागिरथी त्यांना पोहे देत होती. मी बशी तिच्या हातातून घेतली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

मी तिला म्हणाले होते, लग्न होईपर्यंत दम धर, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. लग्न मे महिन्यात गेलं. मग धोंड्याचा महिना आला, जावयाला जेवायला बोलवायचं होतं. मग तुझा पहिला दिवाळसण. मग तुला दिवस गेले, डोहाळजेवण झालं. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा तिनं सव्वा महिना तुझी शेक-शेगडी केली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "एवढं झालं की जाऊ, अक्का." आणि मी हो म्हणायचे. घरोघरी जाऊन बायांना लवकर दाखवा, लवकर दाखवा म्हणून सांगणारी मी, तिला हो म्हणायचे. तू बाळाला घेऊन केडगावला गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला नगरला नेलं. तोपर्यंत ते हाडात उतरलं होतं.

हे तुझ्या माथी मारायला लिहीत नाही. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्न तुझं होतं, पण ठरवणारी मी होते.

बैठकीत तिनं माझा हात दाबला तो गप्प बस म्हणून. घरी येताना गाडीत म्हणाली, "अक्का, तू मागं ऱ्हानार हायस. राजीला तूच हायस मग. तिला कळलं तर तुलाबी टाकंल." मला वाचवायला तिनं डॉक्टरीणबाईंवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. दहाव्याला कावळा कशासाठी अडून बसला होता, ते तिथं मला एकटीला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही.

आता ऐक. तुझ्या आईला कुणी तपासलंच नाही. तपासलं असतं तर त्या बाईंच्या हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली असती, आणि भागिरथी आज तुझ्या पोराला खेळवत असती. तपासणीवर राग धरू नकोस. माझ्यावर धर, जन्मभर धर, पण गाठ दाखव.

काल मी संस्थेत जाऊन हे सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकून घेत होत्या. मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

कानिफरावांना सांग, ज्या ग्रुपवर कार्ड टाकलं होतं त्याच ग्रुपवर हे पत्र टाका. माझ्या नावासकट.

मनकर्णा


कोल्हार, २१ डिसेंबर

राजे,

काल तू समोर होतीस आणि मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पत्र कानिफरावांनी टाकलं. चारही पानांचे फोटो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझे आण्णा आले. डबा धुऊन, पुसून आणला होता. ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "अक्का, तुमी मला एकदा तरी सांगायचं हुतं. मी मोडलं असतं ते लगीन." तेव्हापासून डबा तिथंच आहे. ते हाताने करून खातात, करपल्याचा वास आळीत येतो. बाया माझ्याशी बोलत नाहीत. दळण ठेवायला गेले की गिरणीवर जागा होते, सगळ्याजणी सरकून बसतात. त्यांचं काही चुकत नाही.

सखींच्या यादीतून माझं नाव जानेवारीपासून काढलंय. केडगावचं शिबिर तोंडावर आलं होतं आणि टेबलावर बसायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून एवढं एक करा म्हणाले. माझ्यामुळं नवा नियम झालाय. आधार कार्डावरचा फोटो आणि बाईचा चेहरा ताडून बघायचा, मगच नाव लिहायचं. टेबलावर कागद चिकटवलाय तसा.

सकाळपासून मी फाटकाकडे बघत होते. साठेक बाया आल्या, म्हणजे पत्राचा तेवढा तरी उपयोग झाला. जेवणाची सुट्टी गेली. चार वाजता रंगुबाई दिसल्या, कडेवर बाळ, आणि त्यांच्या मागे तू. किती वाळलीस गं. हनुवटी अगदी भागिरथीची झालीये.

मी नियमाप्रमाणे विचारलं, नाव? तू पूर्ण नाव सांगितलंस. आधार कार्ड टेबलावर माझ्याकडं तोंड करून ठेवलंस आणि म्हणालीस,

"फोटू नीट बघून घ्या. मीच हाय का बघा."

मी बघितला. नियम आहे म्हणून फोटो बघितला, चेहरा बघितला. जिला न्हाऊ घातलं, जिच्या वेण्या घातल्या, तिचा चेहरा ताडून बघितला आणि बरोबरची खूण केली. तू पडद्याआड गेलीस. बाळ मला ओळखून हात पुढे करत होतं, पण रंगुबाई त्याला घेऊन पलीकडे गेल्या.

आत बराच वेळ लागला. नुसतं हिरवं द्यायचं असलं की एवढा वेळ लागत नाही, हे मला तीन वर्षांच्या अनुभवानं कळतं. तू बाहेर आलीस तेव्हा कार्ड हातात उघडं धरलं होतंस. बाया ते पदरात लपवतात, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवतात. तू सगळ्यांना दिसेल असं धरून चालत आलीस आणि माझ्यासमोर ठेवलंस. गुलाबी. मी तुझ्या नावापुढं 'गुलाबी' लिहिलं. तो शब्द मी तीन वर्षांत किती वेळा लिहिला असेल. काल एकेक अक्षर जुळवून लिहिला.

डॉक्टरीणबाई पडद्याबाहेर येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या आता मला काही सांगत नाहीत.

शेवटचा रकाना असतो, नगरला जाताना सोबत कोण. भागिरथीच्या कागदावर तिथं माझं नाव होतं, उपचाराचे आठही महिने. मी विचारलं, सोबतीला कोण? रंगुबाईंना बाळ सांभाळायचंय, कानिफरावांना कंपनीत सुट्टी नाही, ते रंगुबाई रांगेतल्या बायांना सांगताना मी ऐकलं होतं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता म्हणशील.

"आता कोण हाय?" म्हणालीस आणि आधार कार्ड उचलून निघालीस.

माझ्या हातात पेन होता. पूर्वीची मनकर्णा असती तर तिनं तिथं काहीतरी लिहून टाकलं असतं. कुणाचंही नाव, स्वतःचं सुद्धा. मी तो रकाना कोरा ठेवला. यादी जमा करताना तिथला मुलगा म्हणाला, मावशी, एक जागा राहिली की. मी म्हणाले, राहू दे.

गाडी उद्या सकाळी सातला केडगावहून निघते. इथून पहाटेची एस्टी आहे, मी येऊन उभी राहू शकते. पण तुझ्या घरच्यांच्या नावानं, न विचारता, मी एकदा एक गोष्ट केली आहे. आता तू बोलावल्याशिवाय मी तुझ्या आयुष्यात पाऊल टाकणार नाही. आणि विचारायचं तर फोन तू बंद ठेवलायस, त्या पत्रानंतर रंगुबाईही माझा फोन उचलत नाहीत, माझ्याकडे हे पाकीटच तेवढं आहे. आज रविवार, पोस्ट बंद. उद्या टाकेन, मंगळवारी-बुधवारी तुला मिळेल. तोवर तू एकटी जाऊन आलेली असशील.

मावशी